बिनसंध्याकाळची खोली

लिफ्टचं दार मिटता मिटता तो नवा शेजारी आत घुसला आणि सहज म्हणून बोलला. सहज बोललेलंच माणसाला जास्त लागतं, कारण त्याच्यापुढे ढाल धरायला सवड मिळत नाही. "तिसऱ्या मजल्यावरचा तो कोपऱ्यातला फ्लॅट बंद असतो ना हो? मेव्हण्याला भाड्याने जागा हवीय. रोज बघतो मी खालून, खिडकी आपली काळीठिक्कर. मालक कुठे राहतो, काही कल्पना?" मालक त्याच्या शेजारीच दुधाची पिशवी धरून उभा होता. आणि मालकाची आई त्या काळ्याठिक्कर खिडकीच्या आतल्या बाजूला, भर दुपारसारख्या उजेडात, खुर्चीवर बसलेली होती. "राहतात तिथे लोक," तो म्हणाला. "हो का? बरं बरं. काही चाहूलच लागत नाही, म्हणून म्हटलं," शेजारी म्हणाला. मालक तिसऱ्या मजल्यावर उतरून नेमका त्याच कोपऱ्याकडे वळला, तेव्हा मागे लिफ्टमध्ये त्या माणसाने जीभ चावलेली असणार.

किल्ली कुलपाशी नेऊन तो थांबला. खरंच काही चाहूल लागत नव्हती. मागच्या महिन्यापर्यंत या वेळेला लिफ्टमधून बाहेर पडायच्या आतच त्याला घरातला गलका ऐकू यायचा. आईचा चढलेला आवाज, तिला सांभाळणाऱ्या बाईची विनवणी, दाराची कडी खडखडवल्याचा आवाज. तो गलका बंद व्हावा म्हणून त्याने जिवाचं रान केलं होतं. आता तो बंद झाला होता, आणि बाहेरच्या माणसाला ही जागा भाड्याने देण्याजोगी वाटू लागली होती. हसू यायला हवं होतं. हसू आलं नाही.

कामावर त्याला सगळे दिवाणजी म्हणत, कारण त्याच्या ताब्यात राण्या होत्या. भुंग्यांच्या राण्या. शहराबाहेर काचघरांतून टोमॅटो पिकवतात, त्या टोमॅटोची फुलं अंगाने घुसळून पराग झाडायला हे जाडजूड केसाळ भुंगे, म्हणजे मधमाश्यांचेच भाऊबंद, लागतात. त्यांच्या वसाहती पेट्यांतून पुरवणाऱ्या केंद्रात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. राण्यांना आधी थंडपेटीत महिनोन् महिने झोपवायचं, मग उठवायचं, एकेकीला साबणाच्या डबीएवढ्या खोक्यात एकटीला ठेवायचं. समोर परागाची ओलसर गोळी, बाजूला साखरेच्या पाण्याची इवलीशी वाटी, आणि मग वाट बघायची. राणी गोळीवर बसली, पोटाने तिला ऊब देऊ लागली, मेणाचा कप करून त्यात तिने अंडी घातली की वसाहतीला सुरुवात झाली. नाही घातली तर सगळी मेहनत पाण्यात. लग्न त्याने केलं नव्हतं, आणि 'एवढ्या राण्या असताना दिवाणजींना आणखी एक कशाला' हा विनोद इतका जुना झाला होता की करणारेही आता हसत नसत. धंद्याने माणसाचे हात घडतात तसं डोकंही घडतं. शिंप्याला माणसाआधी त्याचा कोट दिसतो. दिवाणजींना सगळीकडे उजेड दिसायचा: कुठून गळतोय, कुठे जास्त होतोय, कुठे अडवता येईल. अंधाऱ्या खोलीत राण्यांना हाताळताना लाल दिवा लावायचा, कारण लाल उजेड त्यांना दिसत नाही. अशा लाल उजेडात वर्षानुवर्षं वावरलेल्या माणसाला, उजेड ही नळासारखी हवी तेव्हा सोडायची आणि हवी तेव्हा बंद करायची गोष्ट आहे, असं वाटू लागलं तर त्यात नवल नाही.

त्याने दार उघडलं. दिवसभर आईजवळ बसणारी बाई चपला पायांत सरकवतच होती. "जेवण झालंय, औषध झालंय, कपडे बदललेत. आज तर आजींनी पाणीसुद्धा मागितलं नाही हो. मीच आठवण करून करून पाजलं. अगदी गुणाच्या झाल्यात." बाई खूश होती. पूर्वी तिच्या दंडावर आईच्या नखांचे ओरखडे असायचे. ती गेल्यावर तो आतल्या खोलीत गेला. खिडकीवर त्याने काळा पुठ्ठा लावला होता आणि कडेने चिकटपट्टी मारून सुईएवढीही फट ठेवली नव्हती. ते काम त्याच्या हातचं, त्यात कोण चूक काढणार? छताला पांढऱ्या दिव्याची नळी, सकाळी तेवढीच लख्ख, रात्री तेवढीच. भिंतीवरचं घड्याळही काढलेलं होतं. "आई, मी आलो," तो म्हणाला. आईने मान वळवली आणि भिंतीकडे बघावं तसं त्याच्याकडे बघितलं. मग ती पुन्हा आपल्या कामाला लागली. काम एवढंच की उजव्या हाताची बोटं टेबलाच्या कडेवरून या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत न्यायची आणि परत आणायची. तिचा चेहरा स्वच्छ होता, केस विंचरलेले होते, कपड्यांवर एक डाग नव्हता. काही मागणं नव्हतं, काही तक्रार नव्हती. यासाठीच तर सगळं केलं होतं.

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी उन्हं कलली की आईचा चेहरा बदलू लागायचा. दुपारभर ती अगदी गोगलगायीसारखी, कोणी काही दिलं तर खाणार, कोणी काही विचारलं तर हसणार. पण खिडकीतला उजेड पिवळा झाला, मग राखाडी झाला, की तिच्या अंगात काहीतरी जागं व्हायचं. "अजून आले नाहीत," ती म्हणायची. वडील एका छापखान्यात खिळे जुळवणारे जुळारी होते. बोटांना शिशाची काळी झाक घेऊन ते दिवेलागणीला घरी यायचे, आणि त्या वेळेला आई घरातलं काम कुठल्याही अवस्थेत असलं तरी हातातलं टाकून दाराशी जायची. वडील जाऊन तप उलटलं होतं. पण आईच्या डोक्यातून ते गेले नव्हते, त्यांना फक्त उशीर होत होता. रोज संध्याकाळी नव्याने उशीर. "अजून आले नाहीत. आज फारच उशीर झाला गं बाई." मग स्वेटर उलटा घालायचा, शेगडीवर रिकामं भांडं ठेवायचं, कडी खडखडवायची, अडवेल त्याला बोचकारायचं. अडवणारा कोण आणि कशासाठी हे तिला कळायचं नाही. एवढंच कळायचं की कुणीतरी बाहेर आहे आणि आपल्याला आत धरून ठेवलंय. नेमक्या त्या गदारोळात तो कामावरून यायचा. दार उघडायचं, आई थबकायची. "आलात?" कधी, कधी "आलास?" उंबऱ्यातल्या अंधुक उजेडात तिला जो दिसेल त्याप्रमाणे. 'आलात'ला हो म्हणायचं की 'मी आहे गं आई' म्हणायचं, हे त्याला कधीच ठरवता आलं नाही. तो नुसता "हं" म्हणायचा, आणि ते 'हं' दोघांनाही पुरायचं. आई जेवायची, झोपायची. सकाळी त्यातलं तिला काही आठवायचं नाही, पण त्याला दिवसभर, राण्यांच्या खोक्यांवर वाकलेला असतानाही, आठवत राहायचं की आपली कुणीतरी वाट बघणार आहे. चुकून का होईना, दुसऱ्या कुणाच्या वाट्याची का होईना. पन्नाशी उलटलेल्या एकट्या माणसाला तेवढ्यावरही बरंच निभावता येतं.

मग आई दोनदा घरातून निघून गेली. पहिल्यांदा ती तळमजल्यावर विजेच्या मीटरांच्या कोनाड्यात सापडली, मीटरच्या लाल दिव्यांकडे बघत उभी. दुसऱ्यांदा मोठ्या चौकात, अनवाणी, गाड्यांच्या मध्ये. वाहतुकीच्या पोलिसाने एका हाताने तिचा हात धरून ठेवला होता आणि दुसऱ्याने तो गाड्या सोडत होता. हे त्याने ताईला सांगितलं. सांगायला नको होतं. ताई मोठी, दुसऱ्या शहरात राहणारी, शाळेची मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. शाळा सुटली होती पण घंटा अजून तिच्याच हातात होती. "हे बघ," ती फोनवर म्हणाली होती, "परत एकदा असं झालं ना, तर मी तिला घेऊन जाणार आणि आमच्या इथल्या वृद्धाश्रमात ठेवणार. तुझं काही ऐकायची नाही. तू तिकडे भुंगे राखत बसतोस आणि आई रस्त्यावर!" तिचं चूक होतं असं नाही. हीच तर तिची वाईट खोड होती, तिचं सहसा चूक नसायचं. फोन ठेवल्यावर त्या धास्तीतूनच त्याची युक्ती वर आली. दुखणं संध्याकाळीच उठतं ना? मग संध्याकाळच काढून टाकायची. केंद्रात तो हेच करत होता, ऋतू थंडपेटीत घालायचा आणि रात्र बटणावर आणायची. त्याने पुठ्ठा आणला, पट्ट्या आणल्या. आधी केंद्रातल्यासारखं घड्याळी बटण लावलं: जेवण झाल्यावर दिवा खटकन बंद. पण त्या खटकन आवाजासरशी आई अंथरुणात उठून बसायची, "आले का?" म्हणून. मग ते बटणही काढलं. चोवीस तास उजेड. चार दिवस आई गोंधळली, आठवडाभर अवेळी झोपली, अवेळी उठली, आणि मग निवत निवत शांत झाली. तो बाहेरच्या खोलीत झोपायचा. केंद्रात अंधाऱ्या खोलीच्या दाराखालून उजेडाची रेघ दिसली तर त्याची पाचावर धारण बसायची. घरी तो तशाच रेघेकडे पाठ करून झोपायला शिकला.

दूध तापवत असताना फोन वाजला. ताईच होती. "जागा रिकामी झालीय आमच्या इथे. खिडकीजवळची खाट आहे, चांगली. मी रविवारी येते, गाडी घेऊनच. ठीक वाटली तर राहू दे तुझ्याकडे, नाहीतर त्याच गाडीतून नेते. जागा धरून ठेवत नाहीत ते लोक." "अगं, ती एकदम शांत आहे आता. आरडाओरडा नाही, काही नाही. बाईला विचार." "बघूच की. हातच्या कांकणाला आरसा कशाला?" त्याने फोन खाली ठेवला तोवर दूध उतू गेलं होतं. रविवारला फार दिवस नव्हते. तरी घाबरण्याचं कारण नव्हतं, कारण आई शांत होती. शांत आहे, शांत आहे, असं तो भांडं घासताना स्वतःशी म्हणत राहिला आणि आतल्या खोलीतून टेबलाच्या कडेवरून बोटं फिरल्याचा बारीक, कोरडा आवाज येत राहिला.

दुसऱ्या दिवशी तो राण्यांच्या खोल्यांत शिरला तेव्हा दमट ऊब आणि परागाचा आंबूसगोड वास नेहमीसारखाच अंगावर आला. खोल्या तीन होत्या. केंद्राचा शिरस्ता ठार अंधाराचा, आणि यंदा मॅडमनी त्याला छेद दिला होता. मॅडम म्हणजे केंद्रातल्या शास्त्रज्ञ, बारीक चणीच्या, बोलताना पेन कानावर अडकवणाऱ्या. एक खोली पूर्वीसारखी अंधारी, एक चोवीस तास उजेडाची, आणि एकीत आठ तास उजेड, मग अंधार. दिवाणजींनी तेव्हा कुरकुर केली होती की अंधारात चाललंय ते काय वाईट चाललंय. अंधारातल्या राण्या घालतच होत्या अंडी, रमतगमत, सवडीने. आठ तासांच्या खोलीत मात्र गेल्या काही दिवसांपासून गडबड उडाली होती. लाल दिवा घेऊन तो खोक्यावर वाकला की राणी गोळीला पोटाशी धरून बसलेली दिसायची, त्याच्याकडे ढुंकून न बघता, आणि गोळीवर मेणाचा ओबडधोबड कप उठलेला. एकीचा बघावा तर शेजारणीचाही तयार. "दिवाणजी," मॅडम मागून म्हणाल्या, "तिकडच्या, सतत उजेडातल्या बघितल्यात का? एकही बसलेली नाही." "मरत तर नाहीत ना?" तो पटकन म्हणाला. इतक्या पटकन की मॅडमनी त्याच्याकडे बघितलं. "मरत नाहीत. खातात, पितात, छान चकाकतात. माशी म्हणून बघाल तर नाव ठेवायला जागा नाही. पण कशावर बसत नाहीत." "मग राणीला हवंय तरी काय? उजेड की अंधार?" मॅडमनी कानावरचं पेन काढलं, पुन्हा लावलं. "मला विचाराल तर दोन्ही नाही. तिला दिवस संपलेला हवा असतो. आज संपला तर उद्या येणार ना? उद्या येणारच नसेल तर तिने तयारी कशाची करायची?" आणि मग त्या हसल्या. "हे मी कुठे लिहिणार नाही हं. लिहिताना म्हणायचं, कारण अद्याप स्पष्ट नाही."

तो उजेडाच्या खोलीत गेला. तिथे लाल दिव्याची गरज नव्हती, सगळं लख्ख दिसत होतं, आणि लख्ख दिसण्यासारखं तिथे काही घडत नव्हतं. पहिल्याच खोक्यात राणी भिंतीकडेने चालत होती. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, मिशांनी कड चाचपत, मग वळून परत. मधोमध परागाची गोळी वाळून तडकली होती. राणी तिच्या बाजूने गेली, थांबली नाही. कोपऱ्यापर्यंत गेली, वळली, परत आली. तिला कसला त्रास होत होता असं नव्हतं.  ते आईच्या बोटांचं टेबलावरून फिरणं त्याने इतके दिवस समोर बसून पाहिलं होतं, त्याच्या शेजारी बसून चहा प्यायला होता, आणि ते काय आहे हे त्याला आत्ता, एका माशीने, दाखवून दिलं. त्याने खोक्याचं झाकण लावलं, ते नीट बसेना, पुन्हा लावलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. आईच्या संध्याकाळीबरोबर त्याने आणखी काय काय काढून टाकलं होतं याचा हिशेब त्याला करवेना. "मी आलो" म्हटल्यावर ती भिंतीकडे बघावं तसं बघते, ते आजारामुळे नाही. तिथे कुणी यायची वेळच होत नाही. जिथे वेळ होत नाही तिथे कोणी येऊच शकत नाही. तो रोज किल्ली फिरवून आत शिरत होता, पण आईच्या लेखी कामावरून परत आलेलाच नव्हता.

त्या दिवशी तो घरी चालत निघाला. दुकानांवर दिवे लागत होते, आकाश अजून उजळ होतं पण रस्ते आधीच मावळले होते, आणि त्या अर्धवट उजेडात माणसं भराभर चालली होती, प्रत्येकजण कुठल्या ना कुठल्या दाराकडे. ही वेळ तो विसरूनच गेला होता. कोपऱ्यावर एक बाई मुलाला म्हणत होती, "चल, घरी वाट बघत असतील," आणि ते साधं वाक्य ऐकून तो फुटपाथवरच उभा राहिला. आई पहिल्यांदा गेली तेव्हा रविवार होता. दुसऱ्यांदा, चौकात, तेव्हा त्याने ताप आला म्हणून सुट्टी घेतली होती. दोन्ही वेळा तो घरात होता. घरात होता म्हणून तर कुणी आलंच नाही. कामाच्या दिवशी तो बाहेरून यायचा, दार उघडायचं, आणि वाट बघणं संपायचं. सुट्टीच्या दिवशी तो दुपारपासून तिच्यासमोर बसून असायचा, तिचा हात धरून, 'आई, मी आहे ना' म्हणत, आणि ती वाट बघतच राहायची, बघतच राहायची, आणि शेवटी स्वतःच शोधायला निघायची. त्याने संध्याकाळीवर आळ घेतला होता. त्याला तिथल्या तिथे ओरडून कुणाला तरी हे सांगावंसं वाटलं. पण सांगणार कुणाला? ताईला? ती म्हणेल, वा, म्हणजे दोष तुझाच की! आणि ती गाडी घेऊन येणारच होती. त्याने मनाशी ठरवलं, आणि ठरवताना तो बराच धूर्तही झाला. रविवार पार पडू दे. ताईला शांत आई दाखवू, ताई जाऊ दे, मग पुठ्ठा काढू. धरलं तर चावतं अशी गत आहे खरी, पण रविवारपर्यंतच तर धरायचंय.

रविवारी ताई आली ती जेवून आली. मागून जिना चढून आलेल्या गाडीवाल्याला तिने खालीच थांबायला पाठवलं आणि थेट आत गेली. तिचे केस मागच्या खेपेपेक्षा जास्त पांढरे झालेले त्याला दिसले. "आई, कशी आहेस?" आईने मान वळवली, बघितलं, मान परत नेली. ताई तिच्यासमोर स्टूल घेऊन बसली. तिने आईचा हात हातात घेतला, आईने तो राहू दिला. बोलण्यासारखं काही ती बोलत राहिली, नातवंडांचं, गुडघ्याचं, शाळेच्या नव्या इमारतीचं, आणि आईची मोकळी बोटं टेबलाच्या कडेवरून जात राहिली, येत राहिली. तो दारात उभा होता. एकेक क्षण तो मनातल्या मनात ढकलत होता. बघ, किती शांत आहे. बघ, ओरडत नाही. बघ आणि जा. दुपार सरली हे त्या खोलीत फक्त त्यालाच कळत होतं, बाहेरच्या खोलीतल्या फरशीवरचं ऊन भिंतीवर चढलेलं त्याला मागे वळून दिसायचं. शेवटी ताई उठली आणि डोळे पुसत बाहेर आली.

"तू म्हणालास ते खरं होतं रे. अगदी शांत झालीय."

"म्हटलं नव्हतं?" त्याच्या छातीवरची धोंड उतरू लागली.

"मला ओळखलं नाही तिने. एकदाही नाही. तुला ओळखते?"

त्याने आतल्या खोलीचं दार लोटून घेतलं.

"नाही ना? मग मला सांग, इथे काय नि तिथे काय. तिला काय फरक पडतोय?" ताईचा आवाज मऊ होता, आणि तेच भयंकर होतं. भांडली असती तर तो भांडला असता. "मला भीती होती ती गाडीत दंगा करेल, रडेल, म्हणून मन होत नव्हतं. आता तोही प्रश्न नाही. तिथे माणसं चांगली आहेत. तूही जरा मोकळा होशील, किती दिवस असं काढणार? तिचे कपडे भर. अंधार पडायच्या आत निघू."

त्याला आधी काही समजलंच नाही. त्याने एवढ्या निगुतीने आईला शांत केलं होतं, ते नेणाऱ्याची सोय म्हणून! कपाटाशी जाऊन त्याने खरोखरच आईचा एक स्वेटर काढला, त्याची घडी घातली, ती मोडली, पुन्हा घातली. मग स्वेटर तसाच टाकून तो आतल्या खोलीत गेला आणि त्याने पुठ्ठ्याची कड नखाने उचकटली. पट्टी चांगलीच चिकटली होती, त्याच्या हातचं काम ते. त्याने दोन्ही हातांनी ओढलं. पुठ्ठा फाटला, अर्धा खाली आला, मग उरलेला. "काय करतोयस?" ताई म्हणाली. त्याने दिवा बंद केला.

खिडकीतून संध्याकाळ आत आली. नुसता राखाडी उजेड, खालच्या रस्त्यावरचे आवाज, कुठेतरी दाराची बेल, पायऱ्यांवरून पळणारी मुलं. आईची बोटं टेबलाच्या मधोमध थांबली. बराच वेळ काही झालं नाही, आणि त्या वेळात त्याला वाटून गेलं की आता काही होणारही नाही, आपण उशीर केला. मग आईने वर बघितलं. तिचा चेहरा हळूहळू कुणाचा तरी झाला.

"अजून आले नाहीत," ती म्हणाली.

ती उठली. उठताना खुर्ची पडली. ताई तिला धरायला धावली, तर आईने तिला हाताने असं झटकलं की ताई कपाटावर आदळली. "सोडा मला! कोण आहात तुम्ही? बाहेर खोळंबलेत ते!" आई बाहेरच्या खोलीत आली, दाराशी गेली, कडी खडखडवू लागली, ती तिच्या हाताला उघडेना तेव्हा रडू लागली, मोठ्याने, लाज सोडून. त्याने तिचा हात धरला तशी तिने त्याचं मनगट पकडलं आणि नखं रुतवली. "मुद्दाम केलंस तू हे," ताई म्हणाली.  "बघवत नाहीये मला. असा छळ करायचा तिचा? यापेक्षा ती..." "ताई, ऐक," तो म्हणाला, "तिला कुणीतरी बाहेरून यायला हवंय. रोज मी येत होतो. मी आलो की ती थांबायची. आज मी घरातच आहे, आणि हात सोडत नाहीये ती माझा. तू जा. बाहेर जा, दार ओढून घे आणि बेल वाजव." "वेड लागलंय तुला." "असेल. तू जा." आई किंचाळली. ताईने दोन्ही हात कानांवर नेले, क्षणभर तशीच उभी राहिली, मग कशीबशी चपलांत पाय घालून कडी काढून बाहेर गेली. दार लागलं, आणि त्याने मोकळ्या हाताने आतून कडी घातली.

आणि मग पावलं खाली उतरताना ऐकू आली. एक पायरी, दुसरी, वळण. गाडीवाल्याला बोलवायला गेली, त्याने ओळखलं. आता तो येईल, दोघं मिळून उचलतील. आईची नखं मनगटात होती आणि ती सारखं एकच म्हणत होती, उशीर झाला, फार उशीर झाला, आणि तो "हो गं, हो" म्हणत होता. त्याला वाटलं, आपण एकट्या माणसाच्या हट्टापायी हिला पुन्हा या यातनेत ओढून आणलं. निदान शांत तरी होती. पावलं थांबली. खाली कुठेतरी थांबली आणि थांबूनच राहिली. पुन्हा वाजू लागली तेव्हा ती वर येत होती, आणि एकटीच येत होती.

बेल वाजली.

आईने त्याचा हात सोडला. दोन्ही तळव्यांनी तिने केस मागे सारले, तोंड पुसलं, आणि आत्तापर्यंत तिला न उघडणारी कडी सहज काढली. उंबऱ्याबाहेर ताई उभी होती, पर्स छातीशी धरून, डोळे सुजलेले. जिन्यावरचा दिवा अजून लागला नव्हता. आई तिच्याकडे बघत राहिली.

"आलीस?" आई म्हणाली. "किती गं उशीर. आणि डोळे का असे? शाळेत कुणी मारलं?"

ताईने मान हलवली. सगळ्या शाळेला उभं आडवं घेणारी ताई आता पर्सचा बंद बोटांभोवती गुंडाळत होती. "नाही," ती शेवटी म्हणाली. "उशीर झाला आई. मलाच उशीर झाला."

"मग ये ना आत. अशी काय उभी? चपला काढ आधी."

खाली गाडीचा हॉर्न वाजला. ताईने वाकून चपला काढल्या आणि भिंतीकडेने नीट लावून ठेवल्या. "त्याला जायला सांग," भावाकडे न बघता ती म्हणाली. "कुणी येत नाहीये म्हणावं. मी उद्या बसने जाईन."

"गाडीबिडी काही नको," आई म्हणाली. "संध्याकाळ झालीय. आता कुठे जायचं नाही कोणी." आणि ताईचा दंड धरून ती तिला आत नेऊ लागली.

तो सांगायला निघाला. जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंत उतरला असेल नसेल, तोच वरून, दारातून, आईचा आवाज आला.

"लवकर ये रे."